पानांखालची वाट

संजना हट्टी आहे, हे नाशिक रोडच्या तिच्या कॉलनीत कुणालाही विचारा. नोटा छापायच्या प्रेसमधून निवृत्त झालेले वडील म्हणायचे, या पोरीच्या डोक्यात एकदा शिरलेलं काढायला क्रेन मागवावी लागते.

इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवता शिकवता तिने पाटबंधारे खात्यासाठी निफाडकडच्या एका तळ्याचं मॉडेल कॉम्प्युटरवर बांधलं. तळ्यातल्या गवताने पाणी किती अडतं, ते गणिताने काढायचं होतं. ड्रोनच्या फोटोत तळं काठापासून काठापर्यंत हिरवंगार, म्हणून तिनेही सगळीकडे सारखाच अडसर धरला. उत्तर आलं, सगळं गवत उपटा, नाहीतर कालव्याला पाणी पुरणार नाही. अहवालावर तिची सही झाली आणि उपटायचं मशीनही ठरलं.

एक गोष्ट मात्र खटकत होती. कालव्याच्या तोंडाशी पाणी मॉडेलच्या दुप्पट वेगाने जात होतं. तिथला वेग मोजायचा मीटर बिघडला असेल, म्हणून तिने ते मोजमाप बाजूला टाकलं होतं. आपला आकडा म्हटला की भल्याभल्यांचे डोळे मिटतात, तिचेही मिटले.

मशीन यायच्या आठवड्यात तिने मीटर बदलला. नवाही तेच सांगू लागला. तेव्हा ती तळ्यात मासे धरणाऱ्या तानुबाईच्या होडीत बसली.

"मावशी, एवढ्या गवतातून पाणी जातं कुठून?"

तानुबाईने वल्हं पानांमध्ये उभं खुपसलं. ते न अडता खाली गेलं.

"वर पानं एकमेकाला मिळत्यात, ताई. खाली वाट हाय. दर साली दिवाळीनंतर आम्ही होडीपुरतं बुडातून कापतो. बाकीच्याला हात नाय लावत, त्यात मासळी अंडी घालती."

"आणि सगळंच काढलं तर?"

"मग मी जाळ्यात काय पाणी धरू?"

संजनाला आधी लाज वाटली, मग स्वतःचाच राग आला. तीन दिवस तिने होडीतून बांबू घालत ती वाट मोजली आणि मॉडेलमध्ये घातली. आकडे जुळले. वाट आणखी हातभर रुंद केली की कालव्याचं भागत होतं.

खात्याच्या मीटिंगमध्ये तिने हे सरळ सांगितलं. साहेबांनी जुना अहवाल पुढे सरकवला.

"मॅडम, मशीनचा हुकूम यावर निघालाय. सही तुमचीच ना?"

"माझीच. चूकही माझीच."

"कॉलेजला कळवावं लागेल."

"कळवा," संजना म्हणाली. तिने पेन काढलं, सगळ्यांसमोर आपली सही खोडली आणि खाली तारीख घातली.