एकट्याच्या गेमला नेट लागतं

नेटच्या तक्रारी घेणाऱ्या बाईला लोक काय काय सांगतात, हे बाहेर कोणाला पटायचं नाही. पेणला एस.टी. स्टँडच्या मागे आमच्या इंटरनेटवाल्यांचं छोटं ऑफिस आहे. तिथे फोन मी उचलते. लाइनवर दोघं जातात. जोहे, डोलवीकडचं दिनेश बघतो, नागोठणे-रोह्याकडचं अल्ताफ. दोघं परत आले की चहा होतो, आणि चहाबरोबर एखादा किस्सा निघतो. बाकीचे किस्से चहा संपला की संपतात. गेमवाले मात्र साठत गेले.

आधी एक सांगते, म्हणजे पुढचं कळेल. काही गेम एकट्यानेच खेळायचे असतात. समोर दुसरा खेळाडू नाही, कोणाशी बोलायचं नाही. तरी त्यांना नेट लागतं. गेम आपल्याच कॉम्प्युटरमध्ये असतो, पण कंपनीचा सर्व्हर सारखी खात्री करून घेत असतो. नेट गेलं की गेम जागच्या जागी थांबतो, आणि माणूस मला फोन करतो.

*

जोह्याच्या म्हात्रेअण्णांचा गणपतींचा कारखाना आहे. रंगकामात हात दुखायला लागला की ते गाडी चालवायचा गेम खेळतात. एकटेच, रिकाम्या रस्त्यावर. एकदा नेट गेलं, गाडी पुलावरच थांबली आणि अण्णांचा फोन आला. गाडी माझी, रस्ता रिकामा, मग अडवतंय कोण, असं त्यांचं म्हणणं.

दिनेश गेला तेव्हा कॉम्प्युटर कारखान्यातच होता, मूर्तींच्या ओळीच्या शेवटी. दिनेशने वायर बदलली आणि समजावून सांगितलं, की अण्णा, तुम्ही खेळता तेव्हा तिकडून सारखं तपासतात. अण्णांनी विचारलं, म्हणजे बघतात? दिनेश म्हणाला, बघतात असंच समजा.

अण्णांचं त्या दिवशी आखणीचं काम चाललं होतं. मूर्तीचे डोळे काढतात त्याला आमच्याकडे आखणी म्हणतात, आणि ती सगळ्यात शेवटी होते. ब्रश हातात धरून ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले.

"आमच्याकडं डोळे काढल्याबिगर कोण बघत नाय," ते म्हणाले. "ह्याचे कोणी काढले?"

पुढच्या वेळी दिनेश गेला तर कॉम्प्युटर घराच्या पडवीत होता, आणि त्याच्यावर मूर्ती झाकायचं कापड टाकलेलं होतं.

*

डोलवीच्या संतोषची तक्रार उलटी होती. तो तिकडच्या कंपनीत कंत्राटावर फिटर आहे. पहिली शिफ्ट करून दुपारी घरी आला की शहर बांधायचा गेम खेळत बसतो. त्याचा फोन आला की मॅडम, गेम बंद होत नाय. मी म्हटलं, बंद होत नाही ही तक्रार आहे का? तो म्हणाला, अख्ख्या गल्लीचं नेट गेलंय, माझाच गेम चालू हाय.

गल्लीतले बाकीचे फोन आलेच होते. एका ट्रेलरने खांबावरची वायर तोडली होती. दिनेश पोचला तेव्हा तुटकं टोक रस्त्यावर पडलेलं होतं. संतोषच्या घरात राउटरचा लाल दिवा लागलेला, आणि स्क्रीनवर शहर चालू. गाड्या फिरतायत, सिग्नल बदलतायत, कोपऱ्यात 'कनेक्टेड' लिहिलेलं. दिनेशने मोबाइलचं वायफाय जोडलेलं आहे का बघितलं. नव्हतं. त्याने राउटरचा प्लग काढला. लाल दिवाही गेला. शहर चालूच राहिलं.

दोघंही कॉम्प्युटरपासून जरा लांब जाऊन उभे राहिले, असं दिनेश सांगतो.

मग त्याने बाहेर जाऊन नवी वायर ओढली, जोडणी केली, राउटर सुरू केला. हिरवा दिवा लागला. तेवढ्यात गेम थांबला आणि स्क्रीनवर मेसेज आला: 'कनेक्शन तुटलं आहे.'

*

निडीचा किस्सा लहान आहे. स्टेशनजवळ एक गृहस्थ एकटे राहतात, त्यांना रेसिंगच्या गेमचा नाद. गाडी स्टेशनात आली की त्यांचं नेट तुटायचं. अल्ताफने कारण लगेच शोधलं. वायरचा जोड रुळाशेजारच्या खांबावर होता, गाडीच्या हादऱ्याने हलायचा. त्याने लाइन दुसऱ्या बाजूने फिरवली आणि काम झालं.

नंतर गृहस्थांचा फोन आला. गाड्या येतात तेव्हा नेट आता एकदम व्यवस्थित चालतं, म्हणाले. पण दुपारी एकदा तुटतं, रोज, तेव्हा गाडीच नसते. अल्ताफ पुन्हा गेला आणि जेवणानंतर त्यांच्याबरोबर बसून राहिला. गेम थांबला. बाहेर रूळ रिकामे होते. शेजारची म्हातारी ओट्यावर मिरच्या निवडत होती, तिला अल्ताफने सहज विचारलं, की मावशी, या वेळेला कुठली गाडी असते का?

"आता नाय थांबत," ती म्हणाली. "पूर्वी थांबायची."

*

साठेकाकूंबद्दल मी हसून बोलत नाही, कारण त्या मला आवडतात. रोह्यात एकट्या राहतात. मुलगी परदेशी. तिनेच टॅबवर एक गेम टाकून दिला होता. एक बेट असतं, त्यावर आपलं एक घर. शिंपले गोळा करायचे, झाडं लावायची. बेटावर दुसरं कोणी नसतंच. गेमच तसा आहे.

काकूंची कधी तक्रार नसायची, फक्त गप्पा. एकदा फोनवर म्हणाल्या, की सकाळी बेटावर गेलं की अंगण झाडलेलं असतं. मी अल्ताफला सांगितलं. तो त्या भागात होता म्हणून बघून आला. काकूंना म्हणाला, गेममध्ये सेटिंग असेल, आपोआप साफ होत असेल. काकूंनी टॅब त्याच्यासमोर धरला. घराच्या दारात त्यांनी शिंपल्यांची रांगोळी मांडली होती. बाकी सगळ्या अंगणातली पानं गोळा झालेली, रांगोळीच्या कडेला एक पट्टा तसाच सोडलेला.

"आपोआप असतं तर सगळंच झाडलं असतं," काकू म्हणाल्या. "हा रांगोळी मोडू नये म्हणून लांबून झाडतो."

अल्ताफला भीती वाटली, काकूंना वाटत नव्हती. त्या रोज थोडे शिंपले त्याच्यासाठी दाराशी ठेवायच्या, आणि सकाळी ते नसायचे.

मग कंपनीने कळवलं की गेम बंद होणार. सर्व्हर बंद, म्हणजे बेटही बंद. पैसे देऊन घेतलेला गेम, पण तिकडे बटण दाबलं की संपलं. काकूंनी मला फोन करून विचारलं, की तुमच्याकडून काही करता येईल का? मी सांगितलं, काकू, आमच्याकडे फक्त वायर आहे. त्या म्हणाल्या, मला दुसरा गेम मिळेल गं, पण तो कुठे जाईल?

शेवटच्या दिवशी त्यांनी अंगणात शिंपल्यांची रांगोळी घातली नाही. म्हणाल्या, आज त्याला नीट झाडू दे. दुसऱ्या दिवसापासून गेम उघडला नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांनी कनेक्शन काढून टाकायला सांगितलं. राउटर आणायला अल्ताफ गेला तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या. घरासमोरचं अंगण त्यांनी दाखवलं. वर आंब्याचं झाड, खाली एक पान नव्हतं. मी झाडलेलं नाही, एवढंच म्हणाल्या.

*

हा शेवटचा अल्ताफच्या नात्यातला आहे, म्हणून तो सहसा सांगत नाही.

रोह्याच्या अलीकडे, खाडीकडच्या एका गावात त्याची जुबेदाखाला राहते. तिला दोन मुलगे. थोरला इमरान कुवेतला नोकरीला होता, धाकटा समीर घरी, शेती आणि दुकान बघतो. दोघा भावांनी मिळून एकच गेम घेतला होता. त्यात एकच माणूस असतो, घोड्यावरून लांबचा प्रवास करतो. अकाउंट एक, म्हणून खेळणारा एका वेळी एकच. समीर इथे घोडा एखाद्या गावापर्यंत नेऊन ठेवायचा, इमरान तिथून पुढे न्यायचा. फोनवर दोघं फार बोलायचे नाहीत. त्यांचं बोलणं म्हणजे तो घोडाच होता.

समीर खेळत असला आणि तिकडे इमरान खेळायला बसला, की समीरचा गेम बंद व्हायचा. स्क्रीनवर यायचं: 'हे अकाउंट दुसरीकडे सुरू झालं आहे. ठिकाण: कुवेत.' समीर वैतागायचा, पण खालाला तो मेसेज फार आवडायचा. वाचता येत नसलं तरी समीरच्या चेहऱ्यावरून तिला कळायचं. "आला माझा पोरगा रूमवर," असं म्हणून ती कामाला लागायची. मुलगा ड्युटीवरून सुखरूप परतला, याची तिच्यासाठी तीच खूण. फोनवर तर सगळेच ठीक आहे म्हणतात.

गेल्या वर्षी इमरान कायमचा परत आला. न कळवता आला. बारीक झाला होता, आणि गप्प असायचा. खाला त्याच्या आवडीचं कालवण करायची, तो थोडं खाऊन ताट सरकवायचा. तिकडे राहून सवय गेली, म्हणायचा. लोकांनी खालाला समजावलं, की गल्फवरून आलेली माणसं अशीच असतात, वेळ लागतो.

आणि मग समीरचा फोन मला आला, की आमचं अकाउंट कोणीतरी वापरतंय. मेसेज परत यायला लागला होता, ठिकाण तेच. घोडा रोज थोडा पुढे गेलेला असायचा. मी अल्ताफला पाठवलं. त्याने पासवर्ड बदलला. मेसेज आलाच. इमरानचा तिकडचा लॅपटॉप कपाटात होता, बंद. अल्ताफने अकाउंट सगळीकडून काढून फक्त समोरच्या कॉम्प्युटरवर चालू ठेवलं, नवा पासवर्ड स्वतः टाकला, कोणाला सांगितला नाही. समीर खेळायला बसला. इमरान त्याच्याशेजारी चटईवर होता. अल्ताफ मागे उभा.

थोड्या वेळाने गेम बंद झाला. 'हे अकाउंट दुसरीकडे सुरू झालं आहे. ठिकाण: कुवेत.'

समीर नुसता मागे टेकला. खाला स्वयंपाकघराच्या दारात भाकरीच्या पिठाचे हात घेऊन उभी होती. तिने समीरचा चेहरा बघितला आणि सवयीने म्हणाली, "आला माझा पोरगा रूमवर."

मग ती थांबली. चटईवर बसलेल्या इमरानकडे तिने बघितलं. अल्ताफ म्हणतो, ती घाबरलेली नव्हती, रागावलेली नव्हती. दाराशी आलेल्या पाहुण्याला विचारतात तसं तिने हळूच विचारलं,

"मग तू कोण हायस?"

इमरानने मान वळवली नाही. तो मेसेज वाचत होता.