झेंडूच्या हारामागचं ड्रॉइंग

देवयानीला लोकांची माहिती काढायचा भारी सोस. पुण्यात शेजारणी तिला भोचक म्हणायच्या. सिडनीत त्याच गुणाचा पगार मिळू लागला. अणुपदार्थ चोरून बॉम्बकडे वळवले जात नाहीत ना, हे तपासणाऱ्या निरीक्षकांना ती शिकवायची. कोविडने कारखान्यांच्या भेटी बंद पाडल्या, तेव्हा स्कोफिल्ड्स या उपनगरातल्या आपल्या घरात बसून तिने सराव ऑनलाइन घेतला. उपग्रहाचे फोटो, नोकरीच्या जाहिराती, फेसबुक. जे उघड्यावर पडलंय तेवढंच वाचायचं.

नियम होता, खऱ्या माणसाचं नाव झाकायचं. पण झाकलेल्या फोटोत काय डोंबलाची मजा!

चार घरं सोडून तिची मैत्रीण तेजश्री राहायची. तिचा नवरा राघव पंपांच्या कंपनीत इंजिनिअर. दसऱ्याला पठ्ठ्याने वर्कशॉपमधल्या मशिनला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि फेसबुकवर फोटो टाकला. यंत्राची पूजा केल्याशिवाय आपल्या माणसाला चैन कुठली! हारामागे भिंतीवर युरेनियम खाणीच्या पंपाचं ड्रॉइंग, गिऱ्हाइकाच्या नावासकट.

देवयानीने तोच फोटो जसाच्या तसा वर्गाला दिला. पोरांनी बघता बघता कंपनी काढली, गिऱ्हाईक काढलं, राघवसुद्धा काढला. "ब्रिलियंट!" तिचे साहेब म्हणाले. बाई अशी फुलली की विचारू नका.

वर्गातल्या कुणा सज्जनाने निनावी ईमेल करून राघवच्या कंपनीला सावध केलं, तुमचं ड्रॉइंग बाहेर फिरतंय. कंपनीला वाटलं, राघवने ड्रॉइंग मुद्दाम बाहेर दिलं. शुक्रवारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर घरी बसा. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि तेजश्रीला सहावा महिना.

"देवयानी, असलं शोधायला तुला येतं ना गं?" तेजश्री फोनवर रडत होती. "ईमेल कुणी केला, का केला, एवढं कळलं तरी राघव सुटेल."

ड्रॉइंग पूजेच्या फोटोत चुकून आलं आणि मीच ते सरावात दाखवलं, एवढं एक वाक्य देवयानीने कंपनीला कळवलं असतं तर राघव सुटत होता. पण मग तिची स्वतःची नोकरी? "शोधते हं," ती म्हणाली, आणि शुक्रवार उलटेपर्यंत काहीही केलं नाही. शनिवारी सांगितलं, "खूप शोधलं गं, नाही सापडलं."

राघवची नोकरी गेली. कोविडात भारतात परतायची तिकिटं मुश्किलीने मिळाली. निघताना तेजश्री बाळासाठी आणलेला नवाकोरा पाळणा घेऊन दारात आली.

"हा तू ठेव. एवढ्या लोकांत तू एकटीच आमच्यासाठी धडपडलीस."

"वेडी आहेस का, काय केलं मी!" देवयानी म्हणाली, आणि पाळणा आत घेतला.