शत्रुघ्नकाकांचं पथ्य

आमच्या वसईच्या खाडीकाठच्या गावात माणूस आजारी पडला की डॉक्टर मागाहून येतो, पथ्य आधी येतं. शत्रुघ्नकाकांच्या कोपरांवर आणि बोटांवर लाल चट्टे उठून पापुद्रे सुटू लागले, तेव्हा त्यांच्या थोरल्या बहिणीने, हंसाआत्याने, ओट्यावर बसूनच निदान केलं. "वांगी सोर. मासली न् दूध कधीतरी एकत्र गेलं आसंल."

काकांनी वांगी सोडली. चुलतभाऊ म्हणाला म्हणून बोंबील सोडले, शेजारीण म्हणाली म्हणून आंबट सोडलं. ताटात वरणभात उरला. शेत घरचं, त्यामुळे भाताला तोटा नव्हता. चट्टे वाढले, त्यांच्याबरोबर पोटही वाढलं.

दारू मात्र कोणी सोडायला सांगितली नाही. लग्नसराईत काका गावातल्या प्रत्येक हळदीला जात, आणि हळदीला जाऊन न घेणं म्हणजे यजमानाचा अपमान. एरवी खाजेवर उतारा म्हणून घरीच घेत. सल्ला देणारे सगळे त्याच बैठकीतले, मग सांगणार कोण?

यंदा त्यांच्या मुलीचं, उन्नतीचं, लग्न ठरलं. तिला आपल्या हाताने हळद लावायची, एवढीच काकांची इच्छा. पण त्या हातांवरून नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली, आणि उन्नती त्यांना विरारच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेली.

"सोरायसिस आहे," बाई म्हणाल्या. "हा हात लावून पसरत नाही. वांग्याने होत नाही, मासेही खुशाल खा. वजन उतरवा, दारू बंद करा, मलम चालू ठेवा. मुळापासून जाईल असं नाही, पण आटोक्यात राहील."

काकांना फसवल्यासारखं झालं. इतक्या दिवसांचे बोंबील फुकट गेले. तरी मुलीकडे बघून त्यांनी बाटली सोडली, भात अर्ध्यावर आणला. गावाला ते भ्रमिष्ट वाटले. "वांगी खातो न् दारू सोरतो," आत्या म्हणाली. "याचं डोकं फिरलंय."

चट्टे फिके पडले. बोटांवरचे दोन काही हटले नाहीत.

हळदीच्या दिवशी काका मांडवात मागेच उभे होते. उन्नतीने हाक मारली, "पप्पा, आधी तुम्ही." त्यांनी वाटीत बोटं बुडवली आणि तिच्या गालांना हळद लावली.

तेवढ्यात आत्या हळूच म्हणाली, "दुसरी वाटी आना गो."

उन्नतीने वाटी उचलून मांडीवर घेतली. "दुसरी नाही, आत्या. लावायची तर यातलीच लाव."

मला आत्याचा मनस्वी राग आला होता. ती बराच वेळ जागची हलली नाही. मग पुढे आली, वाटीत बोटं घातली, भाचीच्या गालांना हळद लावली आणि हाताला राहिलेली भावाच्या बोटांवर, नेमकी त्या चट्ट्यांवर, पुसली.