टोपी घातलेलं इंजिन

दत्तू भाऊजी गेल्याचं मला परंदवडीत कळलं. चार दिवस माहेरी म्हणून मी गेले होते आणि ओसरीवर शेंगा सोलत बसले होते, तेवढ्यात माझ्या सासरचा, औंढ्याचा एक माणूस चिखलातून सायकल ढकलत आला. सायकल भिंतीला टेकवली, पाणी मागितलं, प्यायला. शेवटी म्हणाला, "वयनी, आज गिरणी बंद हाय." मी आपली वेडी विचारते, "का? इंजिन बिघडलं?" त्याने मान खाली घातली. "इंजिन धड हाय… दत्तोबा गेलं." श्रावणातला ताप, छातीत कफ. मी निघाले तेव्हा दारात उभे राहून खोकत होते, वर हसतही होते. "सुंठ घ्या," म्हटलं तर म्हणाले, "वयनी, सुंठीनं इंजिनसुद्धा सुधारत न्हाई, मी कुटला!" एवढंच शेवटचं बोलणं. माणूस असं बोलून जातो आणि आपण आयुष्यभर सुंठ हातात घेऊन बसतो.

भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. औंढ्यात आमची भाताची खाचरं, पण ह्या बाबाचा जीव कधी चिखलात रमला नाही. लोणावळ्याला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते. माझं लग्न होऊन मी आले त्याच साली लोणावळ्यातल्या एका बंगल्याच्या मालकाने आपली जुनी मोटार "घेऊन जा बाबा, जागा तरी मोकळी होईल" म्हणून त्यांना देऊन टाकली. पहिल्या लढाईच्याही आधीची मोटार ती. तिच्या गादीत उंदरांनी संसार थाटलेला. बैल जुंपून ती ओढत आणली तेव्हा सगळं औंढं दात काढून हसलं. सासरे म्हणाले, "विहिरीत ढकल ते धूड." भाऊजींनी ते धूड गोठ्यात ढकललं, आणि त्या दिवसापासून आमच्या दोन म्हशी आणि ते इंजिन शेजारी शेजारी नांदू लागली.

त्यांना त्या मोटारीतून शर्यतीची गाडी करायची होती. वरचा सगळा पसारा उतरवला, बसायला एक फळी ठेवली. मग इंजिनाचा एकेक भाग सुटा करून पोत्यावर मांडला. इंजिनाचं डोकं घासून घासून पातळ केलं, म्हणजे आतला भडका जास्त जोराचा होतो म्हणे. गावात नाव पडलं, दत्तू इंजिनाची हजामत करतो. वजन उतरावं म्हणून पिस्टनांना भोकं पाडली. ते बघून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कपाळावर हात मारून म्हणाल्या, "आरं, पिस्टन हाय का चाळण?" पण खरी गंमत पुढेच. व्हॉल्व आपल्या जागी घट्ट बसावेत म्हणून त्यांना तेल आणि कुरुंदाची खरखरीत पूड लावून, काठी दोन्ही तळव्यांत धरून घुमवत बसावं लागतं. भाऊजींचे हात भरून यायचे. एके दिवशी आत्याबाईंनी त्यांना बाजूला सारलं. "सरक तिकडं. ताक घुसळण्यात जन्म गेला माजा, मला शिकवतो व्हय!" आणि मग रोज दुपारी, म्हशी रवंथ करताहेत, बाहेर धुकं उतरून गोठ्याच्या दारापर्यंत आलंय, आणि माझी सासू डोळे मिटून शर्यतीच्या इंजिनाचे व्हॉल्व घुसळतेय… अजून कधी दुपारी डोळा लागला की मला तो घुर्र घुर्र आवाज येतो. जागी झाले की कळतं, दळण शेजारच्या घरात चाललंय.

शर्यत होती घाटातली. खोपोलीपासून वर खंडाळ्यापर्यंत, एकामागून एक गाडी सोडायची. साहेब, संस्थानिक, मुंबईचे शेठ अशांचा तो खेळ. पण पुण्यातल्या एका मोटारवाल्या शेठजींनी गोठ्यात येऊन इंजिन ऐकलं, आणि जाताना सांगितलं, "पहिल्या तिघांत आलास, तर माझ्या शर्यतीच्या सगळ्या गाड्या तुझ्या हाताखाली." झालं! भाऊजींना दुसरं काही सुचेना. शेडने रजा दिली नाही, तर नोकरीवर पाणी सोडलं. नवरात्राच्या आधी ते एकदा गाडी घेऊन घाट चढून आले. परतले तेव्हा तोंड काळं, भुवया पांढऱ्या, आणि बोलता येईना इतका आनंद झालेला. "वयनी," एवढंच म्हणाले, "उडतिया ती… उडतिया."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शर्यत. दसऱ्याला आमच्याकडे नांगर, कोयते, विळे सगळे धुऊन पुजतात, आणि त्या वर्षी आत्याबाईंनी इंजिनालाही ओळीत बसवलं. ह्या इंजिनाला पेट्रोलची एक पितळी वाटी असते. टाकीतलं पेट्रोल आधी त्या वाटीत येतं आणि तिथून बारीक भोकातून आत जातं. भाऊजींनी ती साफ करायला उघडली होती. झाकण लावायला गेले तर आत्याबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. पूजा उघड्या तोंडाची." हळद वाहिली, कुंकू वाहिलं, मूठभर कुंकवाच्या अक्षता टाकल्या. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नसतो, आणि अक्षता काही फुंकून उडवत नाहीत. भाऊजी आईचं सगळं ऐकणारे. सकाळी दिसल्या तेवढ्या अक्षता वेचून कपाळाला लावल्या, झाकण बसवलं, आणि आईच्या पाया पडून घाट उतरून गेले. उतारावर गाडी कशी लोण्यासारखी गेली!

आम्ही दोघी खंडाळ्याच्या अलीकडच्या वळणावर जाऊन उभ्या राहिलो. दरीत धुकं भरलेलं. गाड्या दिसत नव्हत्या, नुसते आवाज वर येत होते, जसे स्वप्नात कोणी हाका माराव्यात. एक आली, दुसरी आली. मग आत्याबाईंनी माझा दंड धरला. "ही आपली." मला काही कळेना, पण त्यांना कळलं, त्यांनी घुसळलेलं इंजिन ते! आवाज चढत चढत वर आला, दरी त्याने भरून गेली… आणि एकदम थांबला. खोकला नाही, कुरकुर नाही. नुसतं धुकं. आम्ही वाट बघत राहिलो. पुढची गाडी आली, तिच्या मागची आली. भाऊजी बऱ्याच वेळाने पायी वर आले. आईकडे बघून हसले आणि म्हणाले, "माजाच गिअर चुकला."

दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गोठ्यात गेले तर त्यांनी ती पितळी वाटी उघडली होती. तळहात पुढे केला. हातावर तांदळाचा एक दाणा, कुंकवाने लाल. सपाटीवर तो आपला कोपऱ्यात पडून राहिलेला. चढाला गाडी तिरपी झाली तसा घरंगळत जाऊन बरोबर त्या भोकावर बसला आणि पेट्रोल बंद. माझ्या तोंडून "अगं आई!" निघालं. ते म्हणाले, "आईचं नाव न्हाई घ्यायचं. वयनी, तुमाला माजी शपथ हाय. तिला कळलं तर ती देवाला हात जोडायचं सोडंल." मला संताप आला होता हो. एका दाण्यापायी आख्खं नशीब गेलं! शेठजी फिरून आले नाहीत. गाव म्हणत राहिलं, कुणब्याच्या पोराला गिअर कुठला कळायला! भाऊजी ऐकून घेत राहिले. मीही शपथ पाळली, अगदी परवापर्यंत.

पुढे त्या इंजिनावर त्यांनी गोठ्यातच भाताची गिरणी काढली. आंदर मावळातून माणसं डोक्यावर भात घेऊन डोंगर उतरून येत. शर्यतीसाठी घडवलेलं इंजिन, ते काय साधंसुधं चालणार? पट्टा चढवला की असं किंचाळायचं की लोणावळ्याच्या बाजारात कोणीतरी म्हणे, औंढ्याची गिरणी घाट चढायला लागली! दुसऱ्या लढाईत पेट्रोल मिळेना, तर त्यांनी ते रॉकेलवर चालवलं. लग्न केलं नाही. मी चिडवायची, "येणारीला सवत आहे ना गोठ्यात!" तर लाजायचे. आणि दर दसऱ्याला, आत्याबाई ताट घेऊन आल्या की आपल्या डोक्यावरची काळी टोपी काढून हळूच इंजिनाच्या त्या वाटीवर, तोंडावर घालायचे, आणि स्वतः उपरणं गुंडाळून बसायचे. पहिल्या वर्षी मला वाटलं, आता ह्या विचारणार! पण आत्याबाई हसल्या. "बराबर हाय. पूजेला बोडकं बसू ने." मी मनात म्हटलं, भोळी गं बाई माझी सासू.

यंदा आमच्याकडे वर्षभर सण नाही. तोरण नाही, गोड नाही. पण दसऱ्याला सकाळी आत्याबाई म्हणाल्या, "हत्याराला सुतक नसतंय. ताट कर." गिरणीत गेलो. त्यांना आता नीट दिसत नाही, म्हणून मी हात धरला होता. टोपी खुंटीला होती, भाऊजींनी शेवटची अडकवली तशीच. ती काढून मी इंजिनावर ठेवली, आणि तेवढ्यात मला रडू फुटलं. आत्याबाई रडल्या नाहीत. हळद लावली, कुंकू लावलं, आणि दरवर्षीसारखी मूठ इंजिनावर उघडली. मूठ रिकामी होती.

"आत्याबाई, अक्षता घ्यायच्या राहिल्या," मी म्हटलं.

"ऱ्हायल्या न्हाईत. त्या सालापासनं म्या ह्याच्यावर दाणा टाकला न्हाई."

मी ताट खाली ठेवलं. "तुम्हाला… कोणी सांगितलं?"

"कोन सांगनार? त्यानं टोपी घातली की. माजं पोर कवा इंजिन झाकून ठिवतं, मला ठावं न्हाई व्हय? त्याला वाटायचं, म्हातारीला कळलं न्हाई. त्यातच त्याला बरं वाटत व्हतं… मग वाटू दे म्हटलं."

एवढं बोलून त्यांनी चाचपत टोपी हाताला लागू दिली. ती जरा वाकडी बसली होती. शाळेत निघालेल्या पोराची करावी तशी त्यांनी ती दोन्ही हातांनी सरळ केली.

"ऱ्हाऊ दे हितंच," त्या म्हणाल्या. "बोडकं ठिवू नगंस त्याला."