काकूंची तिसरी पातळी

परदेशातल्या त्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात, मागच्या खोलीत अकरा वर्षं वाफेची इस्त्री चालवल्यावर काकूंचा डोळा पुढच्या काउंटरवर गेला. काउंटरवरची बाई निवृत्त होणार होती. तिथं खिडकी होती, बसायची सोय होती आणि मुख्य म्हणजे वाफ नव्हती. काकूंच्या उजव्या मनगटानं गेल्या हिवाळ्यापासून असहकार पुकारला होता. आणखी वर्षभर इस्त्री उचलणं काही त्याच्याच्यानं होणार नव्हतं. हे काकूंना ठाऊक होतं. मालकीणबाईंना अजून कळलं नव्हतं, तोवर पुढं सरकणं भाग होतं.

"जागा तुझीच," मालकीणबाई म्हणाल्या. "फक्त इथल्या भाषेच्या तिसऱ्या पातळीचं सर्टिफिकेट आण."

काकूंना इथली भाषा येत नव्हती असं नाही. पुढची बाई जेवायला गेली की गिऱ्हाइकं त्याच सांभाळत. "शर्ट मंगळवारी. डाग जुना. गॅरंटी नाही." एवढ्या भांडवलावर अकरा वर्षं निघाली होती. व्याकरणाच्या नावानं पूज्य. पण गिऱ्हाइकाला मंगळवार कळे, डाग कळे आणि गॅरंटी नाही हे तर फारच लख्ख कळे.

घरी काकांनी बातमी ऐकून चष्मा पुसला. "एकोणीस वर्षं मी चाळीस वाक्यांवर काढली. एकेचाळिसावं कधी लागलंच नाही."

"त्यातली पंधरा तर नुसती 'सॉरी'च आहेत," मुलगी म्हणाली. ती पाच वर्षांची असताना इथं आली होती आणि तीन महिन्यांत इथल्या पोरांशी इथल्याच भाषेत भांडू लागली होती. "आई, तू जा गं क्लासला."

आठवड्यातून दोनदा, काम सुटलं की लायब्ररीच्या वरच्या खोलीत क्लास भरे. मास्तर मुलीच्याच वयाचे. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं, भाषा शिकणं म्हणजे जिना चढणं नव्हे. माणूस कधी पुढं जातो, कधी मागं येतो, कधी आहे तिथंच राहतो, आणि तेही शिकणंच असतं. काकूंना वाटलं, आपण नापास होणार याची तजवीज मास्तर आधीच करून ठेवताहेत.

दोन महिन्यांत काकूंचं बोलणंच बसलं.

गिऱ्हाईक कोट घेऊन उभं राही आणि काकू अर्धवट तोंड उघडून मनातल्या मनात नियम चाळत राहत. पूर्वी शब्द धडाधड पडत. आता एकेकाची तपासणी झाल्याशिवाय कुणी बाहेर येईना. शेवटी गिऱ्हाईकच त्यांचं वाक्य पुरं करून निघून जाई. एक नेहमीचे गिऱ्हाईक आजोबा तर हळहळले, "पूर्वी तुम्ही किती छान बोलायचात." मालकीणबाईंनीही विचारलं, "क्लासला जातेस ना, की सोडलास?"

तेल गेलं, तूप गेलं, तसली गत झाली. त्यात मराठीही बिघडली. एकदा जेवताना त्या काकांना म्हणाल्या, "जरा मीठ इकडे देण्याची कृपा कराल का?"

काकांनी मिठाची बरणी हातात धरून दाराकडे पाहिलं. "कोणी आलंय का?"

अशा घसरलेल्या काळातच परीक्षेची तारीख आली. समोर दोन परीक्षक, एक बाई, एक बुवा. चित्राचं वर्णन काकूंनी चार वाक्यांत उरकलं, तेही घाम पुसत. मग बुवा म्हणाले, "समजा, तुमचा कोट धुऊन आला, पण डाग तसाच आहे. तुम्ही गिऱ्हाईक, मी दुकानदार. तक्रार करा." आणि खरं वाटावं म्हणून त्यांनी खुर्चीवरचा स्वतःचा कोट टेबलावर ठेवला.

तिथंच ते चुकले. हातात कोट आल्याबरोबर काकूंनी कॉलर उलटी केली, बाही उजेडात धरली.

"हा डाग आमच्याकडे पडलेला नाही."

"नाही, नाही, दुकानदार मी आहे."

"कॉफी आहे. आठवड्याची जुनी. तुमच्या घरी कुणीतरी ती गरम पाण्यानं घासली, म्हणून ती आत गेली."

बुवांनी वाकून डागाकडे पाहिलं. "बायकोनं घासली."

"तिला बोलू नका. सांडली तुम्ही. आधीच आणला असतात तर पूर्ण निघाला असता. आता थोडी सावली राहील, पण लांबून दिसणार नाही. चालेल?"

"चालेल," बुवा म्हणाले आणि पावतीवर सही करायला पेन शोधू लागले. शेजारच्या बाई खोकल्या, तेव्हा कुठं त्यांना आपण कुठं आहोत ते आठवलं. इतकी लांब वाक्यं आपण एकदाही न थांबता बोललो, हे काकूंच्या मात्र गावीही नव्हतं.

निकाल मुलीनं वाचून दाखवला. ओघवतेपणाला पैकीच्या पैकी, दिलेल्या कामाला शून्य. दोन गुणांनी नापास. खाली शेरा: उमेदवाराने तक्रार केली नाही, उलट परीक्षकास त्यांची चूक पटवून दिली.

"मी म्हणतच होतो," काका म्हणाले. काकूंनी मनगट गरम पाण्यात बुडवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद मालकीणबाईंपुढं ठेवला. लपवून काय करणार, त्या विचारल्याशिवाय थोड्याच राहणार होत्या. मालकीणबाईंनी शेरा दोनदा वाचला, शिक्का निरखला.

"हे परीक्षकांनी लिहून दिलंय?"

"हो."

"मग सर्टिफिकेट घेऊन काय करायचंय? सोमवारपासून पुढं ये."

काकूंच्या डोक्यात आभाराचं एक शुद्ध, सविस्तर वाक्य जुळत आलं होतं; तेवढ्यात फोन वाजला आणि मालकीणबाई त्यात गुंतल्या.

संध्याकाळी नव्या जागेची बातमी सांगून काकू क्लासात नेहमीच्या ठिकाणी बसल्या, तसे मास्तर चकित झाले. "आता कशाला? काम तर झालं."

"तक्रार करायला शिकायचं राहिलं," काकू म्हणाल्या. "इथं एकोणीस वर्षांत एकदाही केली नाही."

मास्तरांनी वही उघडली. "बरं. कशाबद्दल करायची?"

काकू पेन हातात धरून बसल्या. शब्द होते. सुरुवात कुठून करायची, तेवढंच ठरत नव्हतं.