एमेट कोवारचे एकेचाळीस दिवस

एमेट कोवार बेसबॉलमधला पगारी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, म्हणून एकंदर एकेचाळीस दिवस खेळला. १९५२चा उन्हाळा, आयोवातलं बेलकर्ट गाव आणि सगळ्यात खालच्या लीगमधला संघ. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. एमेटचं कधी काही पोळलं नव्हतं, तरी हा फुंकायचा. घरमालकीण मिसेस लुंडीनं पुढ्यात ठेवलेलं अंडं आधी उलटून बघायचा. बस सुटण्यापूर्वी आपली बॅग खरंच चढली का, हे तीनदा उतरून पाहायचा. बाप घोड्यांचा व्यापारी. दात बघितल्याशिवाय कुणाचं काही घ्यायचं नाही, एवढंच त्यानं लेकाला शिकवलं होतं.

पण चेंडू झकास टाकायचा. पहिले चार सामने त्यानं एकहाती जिंकून दिले. ऑगस्टमध्ये वरच्या लीगचा माणूस त्याला बघायला येणार, असं मॅनेजर बोमगार्टनं सांगितलं, तेव्हा एमेटला रात्रभर झोप लागली नाही. त्याला मोठा पिचर व्हायचं होतं, दुसरं काहीही नाही.

पाचव्या सामन्यापासून मार पडायला लागला. वळता चेंडू येणार हे आधीच ठाऊक असल्यासारखा समोरचा बॅटर शांतपणे थांबायचा आणि कुंपणापार टोलवायचा. आता कुठला चेंडू टाकायचा हे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा कॅचर मांड्यांमध्ये बोटं धरून पिचरला सांगतो. एक बोट म्हणजे सरळ, दोन म्हणजे वळता. एमेटनं विचार केला. हे माहीत असतं दोघांना. त्यातला मी तर फोडत नाही. मग उरला कॅचर ऑरिन टीग.

ऑरिन पस्तिशीचा, गुडघे गेलेला, पण लीगभर ओळखीचा. समोर बॅटर उभा राहिला की त्याच्या घरची ख्यालीखुशाली विचारायचा. एमेटला त्यात काळंबेरं दिसू लागलं.

"काय बोलत होतास रे त्याच्याशी?"

"त्याच्या गाईला जुळं झालंय."

"गाईला?"

"हो बाबा, गाईला. मग काय, त्याला होणार होतं?"

सगळे खो खो हसले. एमेट हसला नाही. त्यानं मनाशी ठरवलं, चोर मुद्देमालासकट पकडायचा.

पुढच्या सामन्यात ऑरिननं दोन बोटं दाखवली. एमेटनं मान डोलावली, ग्लोव्हमध्ये वळत्या चेंडूची पकड घेतली आणि हात उचलता उचलता बोटं सरकवून सणसणीत सरळ चेंडू टाकला. बॅटरनं वळत्या चेंडूसाठी बॅट फिरवली आणि साफ चुकला. ऑरिनचाही अंदाज चुकला. चेंडू त्याच्या उघड्या उजव्या हातावर बसला आणि अंगठा मोडला. ऑरिन गुडघ्यांवर कळवळत होता, आणि एमेटच्या मनात एकच गोष्ट घुमत होती. बॅटरला कुणीतरी वळता सांगितला होता!

त्यानं थेट मॅनेजरला गाठलं. "ऑरिन खुणा विकतो. मी खात्री करून घेतलीय."

अंगठा मोडलेला कॅचर तसाही बोमगार्टच्या कामाचा नव्हता. त्यानं ऑरिनला काढलं आणि लीगमधल्या बाकीच्या मॅनेजरांना फोन करून कारणही सांगून टाकलं.

रविवारी नवा कॅचर आला, आणि मार तेवढाच पडला. तिसऱ्या डावात एमेटची नजर मैदानाच्या कडेला, तिसऱ्या बेसमागच्या बाकांवर गेली. तिथं प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून ऑरिन बसला होता. आता तिथून खुणा करतोय काय! डाव संपताच ऑरिन लंगडत कठड्यापाशी आला.

"पोरा, ऐक. वळत्याची पकड घेताना तुझा हात ग्लोव्हमधून वर येतो. मनगटाचं हाड दिसतं. त्यांचा कोच इथंच उभा असतो, तो ते बघतो आणि बॅटरला नावानं हाक मारतो. सरळ असला की गप्प. मी कायम तुझ्या समोर बसायचो, म्हणून मला कधी दिसलं नाही. बाजूनं दिसतं."

"आणि तू मला हे फुकटात सांगतोयस? मी तुझा अंगठा मोडल्यावर?"

"चेंडू चांगला आहे रे तुझा. वाया जाईल."

"चल, नीघ इथून."

एमेटनं मनगटाची सवय बदलली नाही. पुढच्या डावात सात रन गेले. सोमवारी सकाळी त्यालाही काढलं.

बॅग भरताना तो कपाटाच्या आरशाकडे बाजू करून उभा राहिला, कुणी पाहत नाही ना, हे बघून. ग्लोव्ह घातला. सरळची पकड घेतली. काही नाही. वळत्याची घेतली. मनगटाचं हाड टपकन वर आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं झालं होतं. फक्त या वळशात एका माणसाचा अंगठा आणि अब्रू गेली होती. एमेटला स्वतःची किळस आली.

तो धावत मॅनेजरकडे गेला आणि सगळं सांगितलं. बोमगार्टनं डोळे बारीक केले. "काल तो कठड्यापाशी तुझ्या कानाला लागला होता. काय द्यायचं कबूल केलं त्यानं तुला?"

ऑरिनच्या दारात ट्रक उभा होता. बायको ल्युसील खुर्च्या चढवत होती. एमेट धापा टाकत ऑरिनला म्हणाला, "तुझंच खरं होतं. मी आत्ता बोमगार्टला सांगून आलो."

"सांगितलंस? की नुसतं म्हणतोयस?" ऑरिननं विचारलं.

"देवाशपथ सांगितलं! त्यानं ऐकलं नाही."

"बरं," ऑरिन म्हणाला.

त्या एका शब्दात काय होतं, हे एमेटला कळेना. तो ल्युसीलकडे वळला. तिनं मान फिरवली. पुरावा म्हणून दाखवायला त्याच्याजवळ काहीच नव्हतं.

"बसस्टँडवर जायचंय ना? ट्रकमध्ये बस," ऑरिन म्हणाला.

तिघं पुढच्या सीटवर दाटीवाटीनं बसले. ल्युसील गाडी चालवत होती. सगळ्या रस्त्यात एमेट मनातल्या मनात एकच गोष्ट मागत होता, यानं एकदा तरी म्हणावं, ठेवला विश्वास. ऑरिन मक्याच्या शेतांबद्दल बोलत राहिला.