आमच्या माडीवरचं टूल

अंगणात वाळक्या पानांचा पातेरा पडतो, झाडून मागे वळावं तर पुन्हा पडलेला. किश्शांचं तसंच असतं. पण बायको गेल्यावर धामापूरच्या या घरात किस्सा घडायलाही कुणी उरलं नव्हतं. मग माडीवर भाड्याने दोघं आली. पुण्याची शलाका आणि वेंगुर्ल्याचा इम्रान. हातातलं काम संपेपर्यंत राहणार, म्हणाली. संपलं की जाणार.

*

काम काय, तर त्यांचं एक टूल आहे, दुसरे प्रोग्राम बांधून देणारं. सी नावाच्या भाषेत लिहिलेलं. त्यात मजकूर कॉपी करायची, जोडायची काही फंक्शनं अशी, की एका मशीनवर असतात, दुसऱ्यावर नसतातच. तिथे टूल अडतं.

मला कळेना. इम्रान म्हणाला, "आबा, तुमच्याकडे मागली की सोलां गावतत. पुण्यात कोणाकडे मागतलात?"

"मगे?"

"मगे आपली सोलां आपणच पिशयेतून न्हेवची! तसा फंक्शन आमचा आमी टूलाबरोबरच देतव."

शलाका वरून ओरडली, "पुण्यात मिळतात हं कोकमाची सोलं! उगाच बदनामी नको!"

*

शलाकाचा नियम कडक. कॉपी करण्याआधी, ज्यात ओतायचं ते भांडं केवढं, ते सांगायचंच. नाहीतर मजकूर बाहेर सांडतो आणि शेजारचं बिघडवतो.

एकदा मी पेज वाढत होतो. ती म्हणाली, "आबा, वाटी बघून हं!"

इम्रान लगेच मजकुराचा दुसरा नियम पेजेला लावत, "आणि मावली नाय तर गपचूप तोडूची नाय! उरला ता सांगूक होया!"

तेव्हापासून मी वाढताना ओरडतो, "अर्धी पळी टोपात उरली गो!"

*

एकदा इम्रानने सगळीकडची फंक्शनांची जुनी नावं एका फटक्यात बदलली. त्याच्या नव्या फंक्शनच्या पोटात जुनं फंक्शन होतं, त्याचंही नाव बदलून नव्याचंच झालं. टूल सुरू केलं ते परत येईचना.

शलाका कपाळाला हात लावून म्हणाली, "अरे, हे स्वतःलाच हाका मारत बसलंय!"

मी म्हटलं, "घरात दुसरा कोण नसला की मारूक लागता माणूस."

दोघंही हसली. मग शलाकाने माझ्यासाठी खुर्ची ओढली.

*

रोज सकाळी मी विचारायचो, "झाला काय रे काम?"

"नाय आबा. अजून एक मशीन अडता."

"बरा."

"बरं काय त्यात, आबा?" शलाका चिडायची.

"चाय आणतंय," म्हणायचो नि जिना उतरायचो.

*

शेवटी ते एकच मशीन राहिलं. ते पास झालं की दोघं सामान बांधणार. पण ते काही ऐकेना. इम्रान वैतागून म्हणाला, "आबा, आता तुमीच गाऱ्हाणा घाला!"

मी तुळशीपुढे नारळ ठेवला. दोघं हात जोडून मागे उभी. आमच्याकडे म्हातारा देवाला सांगतो, आणि बाकीच्यांनी होकार भरायचा असतो.

"बा देवा म्हाराजा! ह्या पोरांनी जा काम हातात घेतल्यानी हा, ता तडीस न्हे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सगळ्या मशिनींर तेंचा टूल चलू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पण घाई करू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शलाकाचा आवाज सगळ्यात मोठा!